‘व्हाय वरी’ नेमकं किती मिनिटांचं? फोंड्यातल्या एका बैठकीचं प्रकरण

गोव्यात, फोंड्याहून कवळ्याच्या वाटेवर मास्तरांचं जुनं घर आहे. मधे राजांगण, राजांगणात तुळस, चारी बाजूंनी पडवी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चारला आम्ही पाच जण त्या पडवीत जमतो आणि रॉक ऐकतो. शेजारच्या कुणी विचारलं तर काकू सांगतात, "ह्यांचं भजन असतं." तसं ते खोटंही नाही. मास्तर शनिवारी ज्या पेटीवर अभंगाला साथ करतात, तीच पेटी रविवारी कोपऱ्यात असते. कुणी एखाद्या गाण्याची पट्टी विचारली की मास्तर भाता सोडतात.

बैठकीचा नेम साधा. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक ध्वनिमुद्रण आणायचं. नुसतं गाण्याचं नाव चालत नाही, वाजेल अशी वस्तू हातात हवी: रेकॉर्ड, कॅसेट, सीडी. मास्तरांचा भाचा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे. तो यायला लागल्यापासून नाइलाजाने फोनही चालवून घेतो. गाणं वाजत असताना बोलायचं नाही. संपलं की हवं तितकं भांडायचं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही खरंच भांडलो. तीन बैठका आणि मधले दोन महिने त्यात गेले. वाद कसा उठला, कसा तपासला आणि त्यातून काय निघालं ते सगळं इथे मांडतो. असले वाद गाण्याच्या नादी लागलेल्यांत नेहमीचेच. पण बहुतेक वेळा खरं-खोटं कुणी तपासत नाही आणि बैठकीतला एक माणूस यायचा बंद होतो.

माणसं

मास्तर निवृत्त, गणित शिकवायचे. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे, शंभरेक एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, आहेत आणि कॅसेट या वस्तूबद्दल उघड तिरस्कार आहे. वकील फोंड्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करतात आणि तरुणपणापासून गिटार वाजवतात. तिसरे फार्मसीवाले. त्यांचा देव एकच, डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड. ते आलटून पालटून त्यांच्या ‘मेड इन जपान’ या अल्बमचीच गाणी आणतात. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत मुद्रित झालेल्या त्या मैफलींपुढे त्याच गाण्यांची स्टुडिओतली रूपं म्हणजे रंगीत तालीम, असं त्यांचं मत आहे आणि ते ऐकण्याची आमची आता तक्रार नाही. चौथा भाचा. पाचवा मी. जत्रांतल्या आणि उत्सवांतल्या मराठी नाटकांना ध्वनी देण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. पाऊस, घोड्यांच्या टापा, देवळाची घंटा हे सगळं मी कॅसेटवरून दिलेलं आहे, त्यामुळे टेपमधलं मला थोडंफार कळतं. थोडंफार असं मुद्दाम म्हणतो, कारण या प्रकरणात पहिली चूक माझीच झाली.

गोव्यात रॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे लग्नाचा बँड आणि हणजुण्याचा किनारा येतो. फोंडा-डिचोलीकडच्या मराठी घरांतली मुलंही हे ऐकत होती, हे कुणाच्या गावी नसतं. आम्ही ऐकत होतो, फक्त आवाज बारीक ठेवून. माजघरात देवाची दिवेलागण झाली की टू-इन-वन बंद.

जूनची बैठक

मास्तरांनी डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमची एलपी आणली होती, मुंबईच्या चोर बाजारातली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं, ‘व्हाय वरी’. शांत, समजूत घालणारं गाणं. पाच मिनिटं आणि थोडे सेकंद वाजून ते हळूहळू विरत गेलं.

वकिलांचा चेहरा उतरला. "हे मधेच का तोडलं?" त्यांनी विचारलं.

"तोडलं कुठे? संपलं," मास्तर म्हणाले.

वकिलांनी काही न बोलता गाडीतून आपली कॅसेट आणली. नव्वद मिनिटांची. आतल्या कागदावर निळ्या शाईत मराठीत लिहिलेलं: ‘डी. स्ट्रेट्स – नवी’. त्यांचे मामा कुवेतला वर्कशॉपमध्ये होते. १९८६ च्या चवथीला सुट्टीवर आले तेव्हा भाच्यासाठी त्यांनी ती भरून आणली होती. आम्ही ती लावली. शब्द संपले, आणि जिथे मास्तरांची रेकॉर्ड विरली तिथे ही विरली नाही. नुसतं वाद्यसंगीत आणखी तीन मिनिटं चालत राहिलं. गिटार आणि कीबोर्ड्स, घाई नाही, कुठे पोचायचं नाही. त्यानंतर क्षणभर शांतता आणि मग तशाच मंद चालीचं आणखी एक गाणं, जवळजवळ पुटपुटल्यासारखं म्हटलेलं. मामांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. वकील इतकी वर्षं ते ‘व्हाय वरी’चंच उत्तरांग समजत होते.

मास्तरांनी दरम्यान पेटीवर बोट ठेवलं होतं. एलपीवर षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ सा, पांढरी तीनला, पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला, बसला होता. कॅसेटवर तो पांढरी चारच्या जरा खाली लोंबकळत होता.

मग मास्तरांनी गणिताच्या पेपरासारखा निकाल दिला. एक, सूर चढा आहे. दोन, शेवटचं गाणं या अल्बमात नाहीच. तीन, म्हणून ती वाढीव तीन मिनिटंही बनावट. "कॅसेट भरायला कुणीतरी शेपूट जोडलंय, वकीलसाहेब. बाजारात असल्या पैशाला पासरी मिळायच्या."

मी मान डोलावली. हीच माझी चूक. मोकळी राहिलेली टेप भलत्याच गाण्यांनी भरून विकलेल्या कॅसेटी मी ढिगाने पाहिल्या होत्या, त्यामुळे मास्तरांचं म्हणणं मला तपासावंसंही वाटलं नाही.

वकील उठले. "मामांनी शेपूट जोडलं, असं म्हणायचंय का तुम्हांला?" छत्री विसरून भर पावसात गेले. कॅसेट डेकमध्येच राहिली. फार्मसीवाल्यांनी तेवढ्यात मास्तरांना ऐकवलं, की कॅसेटला नावं ठेवू नका. आपल्या गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ शिवोलीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्यानेच मुद्रित केली आणि स्कूटरवरून स्वतः दुकानांत पोचवली. तिथे कॅसेट हीच मूळ प्रत! मास्तर काही बोलले नाहीत. रात्री त्यांचा मला फोन आला: "ती कॅसेट घेऊन जा आणि बघ जरा."

तपासणी

कॅसेट घरी आणून माझ्या डेकला घातली तर आवाज गोधडीतून आल्यासारखा. वरचे सूर गायब. काही क्षण मला वाटलं, माझ्याच हातून वकिलांच्या मामांची आठवण गेली. उघडून पाहिलं तेव्हा कारण कळलं. कॅसेटच्या तोंडाशी, टेपच्या मागे, तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याची नखाएवढी गादी असते. ती टेपला हेडवर, म्हणजे डेकच्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. जुन्या कॅसेटींत तिचा गोंद सुकतो. ही गादी बहुधा स्कूटरवरच्या हादऱ्यांत सुटली होती आणि आत खुळखुळत होती. शिवाय टेपच्या गुंडाळीच्या कडेला पांढरी बुरशी. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे लोणच्यालाही कपाटात नीट ठेवावं लागतं, तिथे टेपचं काय!

नवं कवच हवं होतं. पाच स्क्रूंचं, उघडता येणारं, गादी शाबूत असलेलं. माझ्या खोक्यात तसं एकच निघालं, एका नाटकाच्या क्यूंचं. त्यातली टेप काढून ठेवली, मामांच्या टेपची बुरशी कोरड्या मऊ फडक्याने हलकेच टिपली आणि दोन्ही गुंडाळ्या नव्या कवचात बसवल्या. कवचावरचं लेबल सोलताना प्लास्टिकला चरे पडायला लागले, म्हणून तसंच ठेवलं: ‘अंक दुसरा – पाऊस, वीज, कोल्हेकुई’. मग हेडचा कोन. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या यंत्रावर टेप भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही, तर झांजा बोथट ऐकू येतात. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि एका जागी झांजा एकदम उघडल्या. हा क्षण मला अजूनही आवडतो.

आता मास्तरांचे तीन मुद्दे एकेक करून बघायचे होते. मी दुसऱ्या बाजूपासून सुरुवात केली, कारण तिच्यावरून कुणी भांडलं नव्हतं.

आधी रेकॉर्ड प्लेयरची खात्री केली. एलपी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. तबकडीवर १८० रेघांचं कागदी चक्र ठेवून त्या उजेडात फिरवलं आणि रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या, तर वेग बरोबर. मास्तरांच्या रेघा थांबल्या. (एलईडीच्या उजेडात हा प्रयोग भरवशाचा नाही. काकूंनी अडगळीतून जुनी ट्यूबलाइट काढून दिली.) माझा डेक मी चाचणीच्या टेपवर आधीच लावून घेतला होता. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी, ती तशी सरकत होती.

एलपीची दुसरी बाजू पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत २२ मिनिटं १० सेकंद. कॅसेटची दुसरी बाजू, तीच चार गाणी, २१ मिनिटं ७ सेकंद. म्हणजे कॅसेट पाच टक्के घाईत होती. एक पट्टी चढायला सुमारे सहा टक्के वेग लागतो, तेव्हा पांढरी चारच्या जरा खाली हे मास्तरांच्या कानाचं माप अगदी बरोबर होतं. माझा डेक नीट असूनही टेप घाईत वाजत होती, म्हणजे दोष भरणाऱ्या यंत्रात. गंमत अशी की ते यंत्र हळू चालत असणार. भरताना टेप हळू सरकली की तेच संगीत कमी लांबीत मावतं, आणि पुढे नीट चालणाऱ्या डेकवर ते भराभर सुटतं. पट्टा सैल झाला की असं होतं. मामांच्या डबल डेकचा पट्टा ढिला असावा, एवढाच त्यांचा गुन्हा.

आता पहिली बाजू. कॅसेटवर ‘व्हाय वरी’ ८ मिनिटं ६ सेकंदांचं. पाच टक्के घाई वजा केली की साडेआठ मिनिटं. भाच्याने सीडीवरची लांबी काढून दिली: ८ मिनिटं ३१ सेकंद.

म्हणजे शेपूट नव्हतंच. उलट मास्तरांच्या रेकॉर्डचंच शेपूट कापलेलं होतं.

याचं कारण अल्बमच्या घडणीत आहे. ‘ब्रदर्स इन आर्म्स’ आला मे १९८५ मध्ये. कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावरच्या स्टुडिओत तो डिजिटल यंत्रावर मुद्रित झाला आणि सीडीवर दहा लाख प्रती खपलेला पहिला अल्बम म्हणून त्याची ओळख आहे. सीडीत तासाहून जास्त मावतं, तिथे जागेची चिंता नव्हती. कॅसेटमध्येही नव्हती. सीडी आणि कॅसेटवर पहिल्या पाच गाण्यांची लांबी तेहतीस मिनिटांच्या घरात जाते. एलपीच्या एका बाजूत वीस-बावीस मिनिटं सुखाने मावतात. त्यापुढे खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते, आणि आतल्या खाचांत वरचे सूर आधीच दुबळे असतात. म्हणून एलपीसाठी पहिल्या बाजूची गाणी आखूड केली. ती बाजू पंचवीस मिनिटांवर आली आणि शेवटच्या ‘व्हाय वरी’ची तीन मिनिटं गेली. दुसरी बाजू बावीस मिनिटांचीच होती, तिला कात्री लागली नाही. वादाचं सगळं मूळ एकाच बाजूला का सापडलं, ते यावरून कळतं.

मास्तर तीनपैकी दोन मुद्द्यांवर बरोबर होते, सूर आणि परकं गाणं. त्याच जोरावर तिसराही आपोआप खरा धरला. साक्षीदार दोनदा खोटं बोलला म्हणून तिसऱ्यांदाही खोटंच बोलणार, असं कोर्टात चालत नाही, हे वकिलांनी जूनमध्येच सांगायला हवं होतं. पण माणूस मामांवर आला की कायदा विसरतो.

परकं गाणं

भाच्याने फोनवर गाणी ओळखणारं ॲप कॅसेटपुढे धरलं. तीनदा धरलं, तीनदा कोरडं उत्तर. सूर आणि वेग दोन्ही पाच टक्के सरकलेले, ॲपला ठसा जुळेना. मग मी टेप संगणकावर घेतली, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग तेवढाच खाली आणला आणि पुन्हा फोन धरला. नाव लगेच आलं: ‘मॅग्नोलिया’, अमेरिकन गायक-गिटारवादक जे. जे. केल. डायर स्ट्रेट्सचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लर, त्याच्या गिटारीवर आणि गाण्यावर या माणसाची छाप आहे हे जाणकारांना नवं नाही. म्हणजे कुवेतच्या वर्कशॉपमधल्या मामांनी उरलेल्या बारा मिनिटांत काहीतरी कोंबलं नव्हतं. ‘व्हाय वरी’च्या पाठीला कोणतं गाणं शोभेल हे त्यांनी कानाने ठरवलं होतं. वकिलांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "मामा कधी बोलले नाहीत हो. आम्हांला वाटायचं त्यांना गाण्यातलं काही कळत नाही."

वकिलांचा नकार

जुलैच्या बैठकीला वकील आले. मास्तरांनी छत्री परत दिली, चूक मान्य केली, काकूंनी पातळभाजी आणि उंडे दिले. प्रकरण इथे मिटायला हवं होतं.

मी मोठ्या हौसेने दुरुस्त फाइल वाजवली. सूर पांढरी तीनला, लांबी साडेआठ मिनिटं, बुरशीची खरखर शक्य तितकी कमी केलेली. मास्तर खूश. वकील म्हणाले, "हे माझं नाही."

मला राग आला. दोन आठवडे घालवले होते. पण त्यांनी पुढे जे सांगितलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिटार ते या कॅसेटवरूनच शिकले. तारा तिच्या सुराला लावल्या, तोच सूर बरोबर समजून. कॉलेजात पणजीला मुलांबरोबर वाजवायला बसले की सगळे म्हणायचे तू चढा लावतोस, आणि हे मनात म्हणायचे तुम्हीच उतरे आहात. बरोबर वेगातलं गाणं त्यांना पडेल वाटलं, ताप आलेल्या माणसाने म्हटल्यासारखं. भाचा म्हणाला, "काका, पण मूळ हेच आहे." वकील म्हणाले, "तुझ्यासाठी."

माझं मत आजही असं आहे की जतन करायची ती दुरुस्त प्रत. पण दुरुस्ती करताना आधीची प्रत पुसायची नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून प्रत्येक कॅसेटच्या दोन फाइली ठेवतो. एक जशीच्या तशी, दुसरी दुरुस्त, आणि सोबत एका ओळीत नोंद: कुणी, कुठे, कशावरून भरली, आणि वेग किती टक्के हलवला. बैठकीत आता गाणं लावण्याआधी ही ओळ वाचतात. फार्मसीवाल्यांची ओळ सगळ्यांत लांब असते.

फाइली ग्रुपवर टाकायच्या का, हा प्रश्न भाच्याने काढला. वकिलांनी तिथे मात्र वकिलीच केली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे हा अल्बम २०४५ संपेपर्यंत मोकळा नाही. खासगी वापराला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण मावसभाऊ, आतेभाऊ आणि त्यांचे मित्र धरून चाळीस जणांचा ग्रुप म्हणजे खासगी, असं ते कुठल्याही न्यायाधीशापुढे म्हणायला तयार नव्हते. तेव्हा ऐकायचं असेल त्याने पडवीत यावं, एवढं ठरलं.

ऑगस्ट

चवथीच्या आधीची बैठक. पाऊस कोसळत होता. आधी मास्तरांची एलपी लावली, ती आपल्या पाच मिनिटांत विरली. या वेळी कुणी काही म्हणालं नाही. मग कॅसेट, दुरुस्ती न केलेली. वकिलांनी गिटार आणली होती, त्याच जुन्या सुराला लावून. मास्तरांनी पेटी पुढे ओढली. पांढरी तीन दाबली, सोडली. पांढरी चार दाबली, सोडली. टेपचा सूर दोन्हींच्या मधे कुठेतरी होता, पेटीत तिथे पट्टीच नाही. त्यांनी भात्याची कडी लावली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. वकील एकटे वाजवत राहिले, शेवटची तीन मिनिटं पूर्ण.

‘मॅग्नोलिया’ सुरू झालं तेव्हा काकू चहा घेऊन आल्या. डेकच्या काचेतून त्यांना कॅसेटचं लेबल दिसलं. चष्मा सावरून त्यांनी ते वाचलं, बाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "कोल्हे झाले का रे, की यायचेत अजून?"